खापरीच्या पलीकडचं नागपूर

१९४९ पासून पुढची जवळपास पंचवीस वर्षं नागपूरचा सोनेगाव विमानतळ रात्री जागा असे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपालाची पोती घेऊन निघे आणि मध्यरात्रीनंतर चारही विमानं नागपुरात उतरत. पोती उतरवली जात, शहरवार लावली जात, पुन्हा चढवली जात आणि उजाडायच्या आत विमानं परतीच्या वाटेला लागत. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या पोस्टमनच्या पिशवीत असे. सोबत थोडे उतारूही असत. विमान बदलायला अर्ध्या रात्री सोनेगावला उतरायचे, चहा घ्यायचे आणि पुढच्या विमानात बसायचे. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या काळात सुरू झालेली ही रात्रीची हवाई टपालसेवा. सुरुवातीला ती डाकोटा विमानांवर चाले, आणि त्या विमानांत अंधारातून देश ओलांडणं सोपं नव्हतं. १२ डिसेंबर १९५३ ला मद्रासकडे निघालेलं असंच एक डाकोटा उड्डाणानंतर लगेच नागपूरजवळ कोसळलं आणि त्यात तेरा माणसं गेली. सेवा मात्र थांबली नाही.

ती थांबली ऑक्टोबर १९७३ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलात अमेरिकेत मेम्फिस या शहरातून फेडेक्स कंपनीनं पार्सलांची वाहतूक सुरू केली होती. पद्धत तीच: देशभरातली विमानं रात्री एका मधल्या शहरात आणायची, मालाची अदलाबदल करायची, सकाळपर्यंत परत पाठवायची. नागपुरात ही पद्धत बंद होत असताना तिकडे तिच्यावर एक अवाढव्य धंदा उभा राहत होता. नागपूरच्या विमानतळाभोवती उभ्या राहिलेल्या मिहान प्रकल्पाची गोष्ट सांगताना मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. देशाच्या मध्यावर असणं ही आपली संपत्ती आहे, हा विचार नागपूरला कुणा सल्लागार कंपनीनं दिलेला नाही. शहरानं तो पंचवीस वर्षं रोज रात्री जगून पाहिला होता.

सोनेगावची धावपट्टी त्याहून जुनी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ मध्ये, ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी ती तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात लांबच्या उड्डाणांतला मधला थांबा म्हणून तिची डागडुजी झाली. स्वातंत्र्यानंतर मुलकी विमानांसोबत हवाई दलही इथे राहिलं. त्याच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आजही नागपुरातच आहे. या धावपट्टीच्या भोवती, वर्धा रोडच्या दोन्ही बाजूंना, काळ्या मातीची गावं होती: शिवणगाव, चिंचभवन, जयताळा, भामटी, आणि दक्षिणेला खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव. कापूस, तूर, ज्वारी, गहू, पुढे सोयाबीन. शहराला लागून असलेल्या गावांत भाजीपाला आणि दूध. शिवणगाव तर गोपालकांचंच गाव. नागपूरच्या कितीतरी घरांत सकाळचा चहा शिवणगावच्या दुधाचा होई. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली ती याच शिवारातून, आणि खापरीला स्टेशन मिळालं. पण स्टेशन असलं, महामार्ग असला, डोक्यावरून विमानं जात असली, तरी इथला दिवस वावर आणि गोठा यांच्यातच उगवायचा आणि मावळायचा.

या वावरांपर्यंत शहर कसं आलं, ते कळायला विदर्भाचं राजकारण थोडं पाहावं लागतं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराचा आधार घेऊन विदर्भ मराठी राज्यात आला. मध्य प्रांताची राजधानी असलेलं नागपूर त्यामुळे उपराजधानी झालं आणि दरवर्षी एका हिवाळी अधिवेशनाचं धनी राहिलं. सचिवालय गेलं, त्यासोबत वजन गेलं. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला तेव्हा विदर्भातल्या माणसाला रोज जाणवणारी गोष्ट आकड्यांत आली. बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आखली गेली, तिच्या विस्ताराचा गाजावाजा झाला, तरी नागपूरच्या अभियांत्रिकी कॉलेजांतून बाहेर पडणारा मुलगा पुण्याच्या किंवा हैदराबादच्या गाडीत बसतच राहिला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मालवाहू विमानतळाची कल्पना पुढे आली, तेव्हा तिच्यामागे हा सगळा साचलेला हिशेब होता. झीरो माइलचा दगड दाखवून आपण देशाच्या मध्यावर आहोत असं सांगणाऱ्या शहराला त्या मध्याचं मोल अखेर कुणीतरी देणार होतं.

२००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या उभारणीत ज्यांचं नाव झालं ते सनदी अधिकारी आर. सी. सिन्हा पुढे तिचे उपाध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक होते. प्रकल्पाचं नाव लांबलचक, मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर. लोकांच्या तोंडी आद्याक्षरांचं 'मिहान' बसलं. आराखडा चार हजार हेक्टरांच्या घरातला. सध्याच्या ३,२०० मीटर धावपट्टीला समांतर ४,००० मीटरची दुसरी धावपट्टी, तिच्या बाजूला मालाची टर्मिनलं, विमानदुरुस्तीचे कारखाने, आणि दक्षिणेला विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ. सिंगापूरहून युरोपला जाणारं मालवाहू विमान इथे उतरेल, रेल्वे आणि रस्ता यांनी आलेला माल त्यात चढेल, असं ते चित्र. २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. दीक्षाभूमीच्या शहरात येणाऱ्याचं पहिलं पाऊल त्या नावाच्या छायेत पडावं, हे फार योग्य झालं.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि मिहानची दिशा ठरली. संसदेनं सेझचा कायदा केला. फेब्रुवारी २००६ पासून तो लागू झाला आणि मिहानचं सुमारे दोन हजार हेक्टरांचं सेझ देशातल्या मोठ्या क्षेत्रांत गणलं जाऊ लागलं. आणि एअर इंडियानं बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली. इतक्या मोठ्या खरेदीच्या बदल्यात बोइंगनं भारतात दहा कोटी डॉलरचं देखभाल-दुरुस्ती केंद्र उभारायचं ठरलं. नागरी विमान वाहतूक मंत्री होते गोंदिया-भंडाऱ्याचे प्रफुल्ल पटेल. केंद्र नागपूरला आलं.

पेपरात रोज एका कंपनीचं नाव येऊ लागलं. सत्यम, डीएलएफ, शापूरजी पालनजी, टीसीएस, इन्फोसिस. वर्धा रोडच्या दुतर्फा 'मिहानपासून दहा मिनिटं' अशा पाट्या लागल्या आणि कास्तकारांच्या वावरांचे लेआउट पडू लागले. जमिनीचा भाव हा पानठेल्यावरचा रोजचा विषय झाला. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, जामठा ही नावं ज्यांनी कधी ऐकली नव्हती, त्यांनीही तिकडे भूखंड घेतले. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी नागपूरकरांनी केवळ मिहान या एका नावाच्या भरवशावर हप्ते भरले. २००८ मध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेचं नवं स्टेडियम जामठ्याला सुरू झालं आणि शहर दक्षिणेलाच वाढणार याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

ज्यांची जमीन प्रकल्पात गेली, त्यांच्या हाती काय आलं, ते मात्र वेगळं आहे. भूसंपादन १८९४ च्या कायद्यानं झालं. या कायद्यात जमिनीची किंमत धरली जाई ती पहिल्या अधिसूचनेच्या तारखेची, आणि तीही आसपासच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून. खेड्यात खरेदीखतात दाखवलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांच्यात किती अंतर असतं, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातून, प्रकल्प येणार म्हणून जी भाववाढ होते ती हिशेबात धरायची नाही, असा कायद्याचाच दंडक. म्हणजे धुऱ्याच्या अलीकडचं वावर संपादनात गेलं तर सरकारी निवाड्याची रक्कम, आणि धुऱ्याच्या पलीकडचं सुटलं तर लेआउटचा भाव. दोन सख्ख्या भावांच्या वाटण्यांतून एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं नशीब आलं. पुढे प्रकल्पाच्या आतले भूखंड कंपन्यांना ज्या दरानं दिले गेले, ते आकडे वाचताना प्रकल्पग्रस्तांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. हा अन्याय होता असं मी म्हणतो, आणि त्याला विकासाची अपरिहार्य किंमत म्हणायला मी तयार नाही. २०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. मोबदल्याचा गुणक वाढला, पुनर्वसन हा हक्क ठरला. पण तोवर मिहानमधल्या बऱ्याच जमिनीचे निवाडे जुन्या कायद्याखाली होऊन गेले होते.

त्या वर्षांत देशभर हाच प्रश्न धुमसत होता. मार्च २००७ मध्ये नंदीग्रामला गोळीबार झाला. रायगडात महामुंबई सेझच्या विरोधात गावं उठली आणि सप्टेंबर २००८ मध्ये पेणच्या भागात शेतकऱ्यांचं जनमत घेण्यात आलं. तो प्रकल्प उभाच राहिला नाही. मिहानची गावं प्रकल्पाच्या मुळावर उठली नव्हती. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. विदर्भातल्या माणसाला कारखाना हवा होता, पोराला नोकरी हवी होती. इथलं भांडण मोबदल्याचं, पुनर्वसनाचं आणि दिलेल्या शब्दाचं होतं. नवी मुंबईत १९८४ च्या आंदोलनानंतर, दि. बा. पाटलांच्या लढ्यानंतर, शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं धोरण आलं होतं. तसा विकसित भूखंड आपल्यालाही मिळावा, घरटी एक नोकरी मिळावी, वाढीव मोबदला मिळावा, या मागण्यांसाठी मोर्चे निघाले, धरणी झाली, कोर्टात दावे गेले.

शिवणगावचा प्रश्न सर्वांत लांबला, कारण दुसऱ्या धावपट्टीच्या आड नेमकं तेच येत होतं. गावकऱ्यांना चिंचभवनजवळ भूखंड आखून देण्यात आले. घर बांधायला भूखंड मिळतो. गोठ्याला मिळत नाही. दहा ढोरं बाळगणाऱ्याला पंधराशे-दोन हजार चौरस फुटांत कडबा कुठे रचायचा, शेणाचं काय करायचं, चरायला कुठे न्यायचं, हे प्रश्न पुनर्वसनाच्या नकाशात बसत नाहीत. दूध हा तिथला धंदा, त्यामुळे घर हललं की धंदा मोडणार हे उघड होतं. म्हणून माणसं जुन्या गावात राहिली. बाजूची घरं पडत गेली, काहींनी रक्कम घेऊन जागा सोडली, काहींनी नाही. गाव उठलंही नाही आणि राहिलंही नाही अशा अवस्थेत तिथली एक पूर्ण पिढी वाढली. शिवणगावच्या लोकांवर 'प्रकल्प अडवणारे' असा ठपका शहरात सहज ठेवला गेला. मला तो कधीच पटला नाही.

कारण प्रकल्प अडला तो दुसरीकडेच. २००८ च्या जागतिक मंदीनं बांधकाम कंपन्यांचे हात आखडले. डीएलएफनं पुढे आपली जमीन परत केली. जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या हिशेबातला घोटाळा उघड झाला आणि मिहानमधलं एक मोठं नाव रातोरात कोसळलं. तिची जागा पुढे टेक महिंद्राकडे आली. २०११ च्या अर्थसंकल्पात सेझमधल्या कंपन्यांवर किमान पर्यायी कर बसला आणि करसवलतीच्या ज्या आशेवर सेझ उभं होतं तीच पातळ झाली. सेझसाठी खास उभारलेला २४६ मेगावॅटचा खासगी कोळसा वीजप्रकल्प चालेनासा होऊन बंद पडला. विजेच्या माहेरघरात, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या सावलीत, मिहानमधल्या उद्योगांना वीज कुठून आणि काय दरानं घ्यायची याची विवंचना पडली. बोइंगचं दुरुस्ती केंद्र बांधून होत आलं तरी विमान धावपट्टीवरून तिथपर्यंत न्यायचा टॅक्सी-वे रखडला होता. २०१५ मध्ये केंद्र सुरू झालं आणि एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीच्या हाती आलं. जवळच टाटांच्या टाल कंपनीच्या कारखान्यात बोइंग ७८७ साठी कंपोझिटच्या फ्लोअर बीम तयार होऊ लागल्या. जगातल्या कुठल्या तरी विमानात प्रवासी ज्या जमिनीवर पाय ठेवतो, तिच्याखाली मिहानमध्ये घडलेला भाग असतो, ही गोष्ट नागपूरकरांनीही अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही.

मालवाहू विमानांचा ताफा मात्र उतरला नाही. विमानं आता अधिक लांब उडू लागली होती, त्यांना मधला थांबा लागेनासा झाला होता, आणि आखातातल्या दुबई-दोहासारख्या विमानतळांनी मालाची ती अदलाबदल केव्हाच आपल्याकडे ओढली होती. १९४९ मध्ये नागपूरचं मध्यवर्ती असणं कामी आलं, कारण डाकोटाचा पल्ला छोटा होता. २००५ मध्ये तो हिशेब बदललेला होता आणि आराखडा करणाऱ्यांनी तो पुरता मांडला नाही, असं माझं मत आहे. नागपूरच्या मध्यवर्ती जागेचं चीज झालं ते आकाशात नाही, जमिनीवर. श्रीनगर-कन्याकुमारी आणि हाजिरा-पारादीप हे दोन राष्ट्रीय महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, राज्याराज्याच्या सीमेवरचे नाके उठले, आणि कंपन्यांना प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज उरली नाही. त्यानंतर नागपूरच्या चारही बाजूंना गोदामं उभी राहिली. मालाचं केंद्र झालं, पण ट्रकांचं.

विमानतळ चालवायचा कुणी, हेही बरीच वर्षं कोर्टात होतं. २००९ मध्ये राज्याची कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ५१ आणि ४९ टक्क्यांच्या भागीदारीत मिहान इंडिया ही कंपनी काढली. पुढे खासगीकरणाच्या निविदेत जीएमआर ही कंपनी पुढे आली, २०१९ मध्ये तिला काम दिल्याचं पत्र मिळालं, मार्च २०२० मध्ये ते रद्द झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जीएमआरच्या बाजूनं निकाल दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटची क्युरेटिव्ह याचिकाही निकाली निघाली. तेवढा काळ दुसरी धावपट्टी कागदावरच होती, आणि शिवणगावही अधांतरी.

२०१४ नंतर मिहानचा चेहरा पालटला. केंद्रात नितीन गडकरी, राज्यात देवेंद्र फडणवीस, दोघेही नागपूरचे. सत्ता शहराच्या बाजूला आली की काय होतं ते विदर्भानं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. २०१५ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, विश्वेश्वरय्या संस्थेच्या आवारात सुरू झाली. दहेगावच्या शिवारातल्या १३२ एकरांवरच्या तिच्या स्वतःच्या परिसराचं उद्घाटन ८ मे २०२२ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये दसॉ-रिलायन्सच्या कारखान्याची कोनशिला बसली, जिथे पुढे फाल्कन विमानांचे भाग बनू लागले. पतंजलीच्या फूड पार्कला २०१६ मध्ये सुरुवात झाली. संत्रा प्रक्रियेचा तो कारखाना मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. मध्ये नऊ हंगाम गेले, आणि काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारानं ते सगळे मोजले असणार. ७ मार्च २०१९ ला खापरी ते सीताबर्डी मेट्रो धावली. ११ डिसेंबर २०२२ ला एकाच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि मिहानमधलं एम्स यांचं लोकार्पण झालं. मिहानपासून जवळच, हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याला, समृद्धी सुरू होतो.

या सगळ्यांत मला एम्स सर्वांत मोलाचं वाटतं. मालाच्या मूळ आराखड्यात इस्पितळाला असं मध्यवर्ती स्थान नव्हतं, आणि आज मिहानला सर्वाधिक माणसं कशामुळे येत असतील तर ती या इस्पितळामुळे. नागपूरकर पिढ्यान्‌पिढ्या 'मेडिकल' आणि 'मेयो' या दोन इस्पितळांची नावं घेत आला. एम्स हे तिसरं. २०१८ मध्ये मेडिकलच्याच आवारात त्याचे वर्ग भरले आणि पुढे दीडशे एकरांच्या स्वतःच्या जागेत दवाखाना आला. सकाळी बाह्यरुग्ण विभागापुढे उभं राहिलं की विदर्भाचा आणि त्याच्या भोवतालचा सगळा नकाशा दिसतो: गडचिरोलीहून रात्रीच्या बसनं आलेलं कुटुंब, यवतमाळचा कास्तकार, चंद्रपूरच्या कोळसा खाणीतला कामगार, बालाघाट-छिंदवाड्याहून आलेले हिंदी आणि गोंडी बोलणारे लोक, आदिलाबादकडचे तेलुगू बोलणारे. सिकलसेल हा रक्ताचा आजार या पट्ट्यातल्या आदिवासी आणि दलित समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्या इलाजासाठी पूर्वी मुंबई किंवा वेल्लोर गाठावं लागे, त्यातला बराचसा आता वर्धा रोडवर मिळू लागला आहे. कारखान्यांची गणती करून मिहान फसलं की जमलं हे ठरवणाऱ्यांनी ही रांग हिशेबात धरली पाहिजे.

आता इथे राहतं कोण? एक तर संगणक कंपन्यांतली तरुण माणसं. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा, हेक्झावेअर. यांतली बरीच नागपूर, वर्धा, अमरावती, भंडाऱ्याची. काही पुण्यात दहा-बारा वर्षं काढून आईवडिलांच्या ओढीनं परतलेली. पगार पुण्याइतका नसला तरी चालेल, पण रात्री घरच्या वरण-भाताला जाता येतं, असं सांगणारी. दुसरे एम्स आणि आयआयएमचे लोक, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले: राजस्थानातले परिचारक, केरळच्या परिचारिका, बंगालचे डॉक्टर, दिल्लीचे विद्यार्थी. तिसरे बांधकामावरचे मजूर, छत्तीसगड, बिहार आणि मध्य प्रदेशातले, ज्यांच्या पत्र्याच्या खोल्या इमारत पूर्ण झाली की पुढच्या इमारतीच्या पायथ्याशी जातात. आणि चौथे मूळचे गावकरी. यांच्यातल्या काहींनी मोबदल्यातून बुटीबोरीच्या पुढे नवी शेती घेतली, काहींनी घरावर मजले चढवून नव्यानं आलेल्यांना खोल्या भाड्यानं दिल्या, काहींनी खानावळी काढल्या, गाड्या घेऊन कंपन्यांना लावल्या. आणि अनेकांची मुलं त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या फाटकावर सुरक्षारक्षकाच्या गणवेशात आहेत. घरटी एक नोकरी, या मागणीचं उत्तर बहुतेकदा ठेकेदाराकडच्या कामानं दिलं गेलं, ज्यात कायम काहीच नसतं. पोळ्याच्या दिवशी खापरीकडच्या वस्त्यांत बैलजोड्या कमी आणि तान्हा पोळ्याचे लाकडी नंदी जास्त दिसतात, इतकं शिवार आटलं आहे.

ही चारही प्रकारची माणसं एका ठिकाणी राहतात, पण एका शहरात राहतात का, हा प्रश्न मला सोडत नाही. मिहानला नियोजन प्राधिकरण आहे, नगरपालिका नाही. बांधकामाची परवानगी विमानतळ विकास कंपनी देते. शेजारची काही वस्ती महापालिकेत, काही ग्रामपंचायतीत, काही नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेत. पिण्याच्या पाण्यासाठी एकाकडे, रस्त्यासाठी दुसऱ्याकडे, कचऱ्यासाठी तिसऱ्याकडे जावं लागतं. हजारो माणसं दिवसाचे दहा तास जिथे घालवतात तिथला नगरसेवक म्हणून कुणाला निवडून देता येत नाही. सेझच्या कुंपणाच्या आत रस्ते रुंद आणि दिव्यांनी भरलेले. फाटकाबाहेर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. कंपनी जमीन विकसित करू शकते, भूखंड देऊ शकते. पण शाळेत जागा का नाही, स्मशानभूमी कुठे, बाजाराचा दिवस कोणता, हे ठरवायला लोकांनी निवडलेली माणसं लागतात. जुन्या गावांकडे ती होती. ग्रामपंचायत होती, पोलीस पाटील होता, मारुतीच्या पारावर बसणारे चार जण होते. ती व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी काही आलं नाही. वसाहतीला शहर करायचं असेल तर पहिली गरज ही आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना मी फारसं कुणाला ऐकलेलं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यातली एक शाखा खापरीहून पुढे बुटीबोरीपर्यंत जाते आहे. म्हणजे वर्धा रोडवरची गावं एकामागून एक त्याच वाटेनं जाणार. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 'नवीन नागपूर' उभारायला मान्यता दिली: हिंगणा तालुक्यातल्या गोधनी रिठी आणि लाडगाव रिठी या मौजांमध्ये सुमारे ६९२ हेक्टरांवर आंतरराष्ट्रीय व्यापार आणि वित्त केंद्र. समृद्धी महामार्ग जिथे सुरू होतो त्याच तालुक्यात. या वेळी कायदा २०१३ चा आहे, भाव सर्वांना ठाऊक आहे आणि शेजारच्या गावात काय झालं ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे तिथल्या कास्तकारांनी पहिल्या नोटिशीपासूनच आपला हिशेब मागावा: विकसित भूखंड किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, ढोरांसाठी जागा, ठेकेदाराविना नोकरी, आणि नव्या वस्तीत मत देण्याचा अधिकार. शिवणगावच्या माणसांना हे सगळं वीस वर्षं मागावं लागलं. त्यांच्यापैकी कितीतरी जण आजही हिंगण्याच्या कुणाही शेतकऱ्याला कोणत्या कागदावर सही करायची आणि कोणत्या नाही, हे घरी बसवून समजावून सांगू शकतील. त्यांना आधी विचारा.